चाल एकाची, कागद दुसऱ्याचा

शनिवारी सकाळी पुन्हा एकदा 'अलबेला' लावला. तसा तो पाठ आहे. आमच्या घरी भगवानदादांचं प्रस्थ मोठं. बाबा अजूनही कुणाच्याही वरातीत फक्त भगवानदादांचीच स्टेप करतात, बँडवाल्याने काहीही वाजवलं तरी. पण या वेळी मी भगवानदादांकडे बघतच नव्हतो. मी मागच्या बँडकडे बघत होतो. झालरवाल्या बाह्यांचे शर्ट घातलेला जो बँड या सिनेमात पडद्यावर दिसतो, तो ज्याचा, तो माणूस चिक चॉकलेट.

हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट वाजवायचा, लुई आर्मस्ट्राँगवर जीव, मुंबईच्या ताजमध्ये त्याचा बँड होता. आणि 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, यांचा तो सहायक. १९५० आणि ५१ च्या त्या गाण्यांमध्ये जे ट्रम्पेट अचानक उसळून येतं ना, ते नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचं नाही, ते शिकागोहून ताजमार्गे हळदोण्याला जाऊन परत आलेलं आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे हा अमेरिकन बँडलीडर आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. मग टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला, तो पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. या मंडळींबरोबर वाजवून आणि त्यांना ऐकून मुंबईतल्या गोवेकर वादकांनी जॅझ आत्मसात केलं. त्यांच्याकडे नोटेशन आधीपासून होतं, कारण गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकवत. मग स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, संस्थानं गेली, मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलातल्या बँडचा धंदा बसत गेला. आणि त्याच वेळी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राला कागद वाचून वाजवणारी माणसं हवी होती. करिअर चेंज म्हणतात तो हा. आपल्यासारखा ऑनलाइन कोर्स करून केलेला नाही.

आता काम कसं चालायचं ते बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवतो. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवतो. मग सुरुवातीला काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय येईल, गायिका लांब स्वर धरून थांबली की व्हायोलिनं मागून कुठली वेगळी ओळ चालवतील, बासरी कुठे आणि सॅक्सोफोन कुठे, हे सगळं कागदावर येतं. काही संगीतकार यातलं बरंच स्वतः सांगत, काही दोन ओळी गुणगुणून बाकीचं अरेंजरवर सोडत. मग प्रत्येक वादकासाठी वेगळे कागद, रिहर्सल, टेक. सगळे एकदम वाजवणार, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

(ज्यांनी कधी 'एक साधंसं डॅशबोर्ड पाहिजे' या एका ओळीवरून तीन महिने कोड लिहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल.)

लहानपणी आम्ही मालाडला ऑर्लेमजवळ राहायचो. शेजारी एक अंकल होते, गोव्याचे, आयुष्यभर स्टुडिओत व्हायोलिन वाजवलं. रेडिओवर जुनं गाणं लागलं की मी विचारायचो, अंकल, हे तुम्ही वाजवलंय? ते म्हणायचे, "काय माहीत बाबा. पिक्चरचं नाव कोण सांगणार? कागद समोर आला की वाजवायचं, पैसे घ्यायचे, लोकल पकडायची." मला तेव्हा वाटायचं, हे थापा मारतात.

या विषयावर लेख लिहायचा म्हटलं की ठरलेला सूर असतो: बिचारे गोवेकर, सगळं काम त्यांनी केलं, नाव मात्र दुसऱ्यांचं झालं. मला हे अर्धंच पटतं. नाव अगदीच नव्हतं असं नाही. शंकर-जयकिशनच्या सिनेमांच्या टायटल्समध्ये दत्ताराम आणि सेबास्टियन ही नावं असतात. फक्त ती 'सहायक' या शब्दाखाली असतात. आता दत्ताराम वाडकर ताल बघायचे, त्यांचा ढोलकचा ठेका त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यांनी 'परवरिश' (१९५८) सारख्या सिनेमांना स्वतंत्र संगीतही दिलं. सेबास्टियन डिसूझा पूर्ण ऑर्केस्ट्रा लिहायचे. दोन अगदी वेगळी कामं, दोन्ही अव्वल दर्जाची, आणि दोघांचं पद एकच, सहायक! म्हणजे नाव लपवलं यापेक्षा कामाला शब्दच नव्हता ही माझी मुख्य तक्रार आहे. शब्द नसला की रेट ठरत नाही, हक्क ठरत नाही, आणि पन्नास वर्षांनी अ‍ॅपच्या पानावर रकानाही नसतो. गायक, संगीतकार, गीतकार, संपलं.

यावर एक प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे: लोक गुणगुणतात ती चालच ना? अरेंजमेंट कोण गुणगुणतं? माझं उत्तर: कधीतरी अंताक्षरीत नीट कान देऊन ऐका. धृपद संपलं की सगळी पब्लिक मधलं म्युझिकसुद्धा तोंडाने वाजवते, टँटँडँ करत, आणि ते वाजवल्याशिवाय कडव्यावर कुणी जातच नाही.

कायद्याकडे गेलो तर आणखी मजा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली स्वररचना अशी व्याख्या होती. म्हणजे कागदावर आल्याशिवाय कायद्याच्या लेखी संगीतच नाही. आणि सिनेमात कागदावर कोण आणत होतं? १९९४ मध्ये ही व्याख्या बदलली. संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो, मग त्याने ते नोटेशनमध्ये उतरवलेलं असो वा नसो. हे योग्यच झालं. आपल्याकडे शेकडो वर्षं कागदाविना संगीत चाललंय. पण लिहिणाऱ्याचं काय? कायद्यात 'अरेंजमेंट' येते ती मूळ कृतीचं रूपांतर म्हणून, आणि ते करू देण्याचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांना रॉयल्टीतला न विकता येणारा वाटा दिला. अरेंजर तिथेही नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ड्यूक एलिंग्टनच्या बँडची सिग्नेचर ट्यून 'टेक द ए ट्रेन', जी अनेकांना एलिंग्टनचीच वाटते, ती बिली स्ट्रेहॉर्नची. ती पुढे आली तीसुद्धा एका कॉन्ट्रॅक्टच्या भांडणामुळे. १९४१ मध्ये रेडिओ स्टेशनं आणि अ‍ॅस्कॅप ही संगीतकारांची संस्था यांचं पैशावरून फाटलं, अ‍ॅस्कॅपच्या सभासदांची गाणी रेडिओवर बंद. एलिंग्टन सभासद, स्ट्रेहॉर्न नव्हता. झालं, स्वतःची गाणी वाजवता येईनात म्हणून स्ट्रेहॉर्नची वाजवली! तो चिक चॉकलेटपेक्षा एका वर्षाने मोठा होता, आणि दोघेही १९६७ मध्येच गेले.

मला या सगळ्यात जास्त खेचतो तो अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, माजोर्डा. व्हायोलिनवादक, अरेंजर, आणि प्यारेलाल व आर. डी. बर्मन यांचा गुरू. हा माणूस 'सहायक' या शब्दात बसायला तयार नव्हता. १९५८ मध्ये त्याने शंभरावर वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात राग आणि सिम्फनी एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! स्वतःच्या नावावर, स्वतःच्या संगीतासाठी. ते फार टिकलं नाही. १९६५ च्या सुमारास तो अमेरिकेला, सिराक्यूज विद्यापीठात गेला, परत आला तो माजोर्ड्याला, सिनेमाकडे वळला नाही. २०१२ च्या जानेवारीत गेला.

आणि त्याचं नाव देशभर पोचलं ते कसं, तर १९७७ मध्ये, 'अमर अकबर अँथनी'त. अमिताभ बच्चन एका भल्यामोठ्या ईस्टर एगमधून बाहेर येतो आणि स्वतःचं नाव सांगतो. शिष्य प्यारेलालने गुरूला दिलेला तो मानाचा मुजरा होता. मला तो मनापासून आवडतो. पण नाव बघा आणि अंडं बघा!

असो. हे सगळं मी शनिवारी का उकरत बसलोय, तर शुक्रवारी प्रमोशनचा मेल आला. माझा. त्यात ज्या प्रोजेक्टचं कौतुक आहे त्याची कल्पना माझी, हे शंभर टक्के खरं. व्हाइटबोर्डवर चार चौकोन आणि तीन बाण मी काढले होते. पण ते चौकोन चालतील असं डिझाइन एका ज्युनिअर मुलाने लिहिलं, रात्री जागून, आणि डेमोच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं 'सपोर्ट'. जागा कमी होती म्हणून. खरंच जागा कमी होती. पण माझं नाव चोवीसच्या फाँटमध्ये होतं हेही खरं.

तो मुलगा गेल्या दिवाळीतच कंपनी सोडून गेला. मी काल डॉक्युमेंट उघडलं, लेखक म्हणून त्याचं नाव पहिलं टाकलं, माझं दुसरं, मॅनेजरला मेल टाकला आणि त्यालाही मेसेज केला की बाबा, असं असं केलंय, उशीर झाला, सॉरी. रात्री त्याचं उत्तर आलं.

"कुठलं डॉक्युमेंट?"