मृत्युपत्र न करणारा गायक

बॉब मार्ले या जमैकन गायकाचे ११ मे १९८१ रोजी मायामी येथील रुग्णालयात निधन झाले, तेव्हा त्याचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. गाण्यांचे हक्क, ध्वनिमुद्रिकांचे उत्पन्न, किंग्स्टनमधील घर व ध्वनिमुद्रणालय अशी कोट्यवधी डॉलरांची मालमत्ता त्याच्यामागे होती; आणि तिच्याविषयी एका ओळीचेही मृत्युपत्र नव्हते. दुखण्याचे स्वरूप त्याला आठ महिने आधीच समजले होते. तरीही त्याने कागद केला नाही, कारण तो रास्ताफारी होता. देव जिवंत माणसाच्या ठायी वसतो, खरा भक्त मृत्यूची भाषा बोलत नाही, अशी त्या पंथाची धारणा. मृत्युपत्र करणे म्हणजे मृत्यूला मान्यता देणे. जमैकाच्या कायद्याला अर्थातच ही धारणा ठाऊक नव्हती. त्याने विधवेस एक दशांश, उरलेल्यापैकी निम्म्या भागाचा हयातभर उपभोग आणि बाकीचे मुलांना अशी वाटणी सांगितली, आणि पुढे अनेक वर्षे न्यायालयांत खटले चालत राहिले.

या प्रकाराकडे लहरी कलावंताचा हलगर्जीपणा म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. २०२४ साली मार्लेच्या जीवनावरील चित्रपट जगभर प्रदर्शित झाला, त्याने सुमारे १८ कोटी डॉलरांचा गल्ला जमविला, आणि जटा, गांजाचा धूर व विश्वप्रेमाची गाणी हे परिचित चित्र पुन्हा एकदा ठळक झाले. परंतु ज्या श्रद्धेपायी त्याने मृत्युपत्र नाकारले ती श्रद्धा लहरीतून जन्मलेली नव्हती. तिचे मूळ जमैकाच्या जमिनीत, किंबहुना जमीन नसण्यात आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली व १८३८ मध्ये गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. त्या व्यवहारात ब्रिटिश संसदेने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. ज्यांच्या पाठीवर उसाचे मळे उभे होते त्यांना ना जमीन मिळाली, ना एक पेनी. सुटका झालेला माणूस पुन्हा त्याच मळ्याच्या दाराशी मजुरीसाठी उभा राहिला. रास्ताफारी लोक ज्या व्यवस्थेला बायबलमधील शब्द योजून ‘बाबिलोन’ म्हणतात ती व्यवस्था ही. तीत पोलीस, न्यायालय, चर्च आणि मळेवाला हे सारे एकाच वहीत नावे-जमा करणारे भागीदार आहेत.

२ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास तफारी माकोनेन हे हायले सेलासी या नावाने सम्राटपदी आरूढ झाले. आफ्रिकेतील एका काळ्या राजाच्या अभिषेकाला युरोपातील राजघराण्यांचे प्रतिनिधी हजर राहिले, ही वार्ता किंग्स्टनच्या वस्त्यांत पोचली तेव्हा काही गरीब उपदेशकांनी तीत भविष्यवाणीची पूर्तता पाहिली. त्यांच्यापैकी लेनर्ड हॉवेल याने इंग्लंडच्या राजाऐवजी इथिओपियाच्या राजाला निष्ठा वाहा असे सांगण्यास आरंभ केला, आणि १९३४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून तो तुरुंगात गेला. सुटून आल्यावर १९४० साली त्याने डोंगरात ‘पिनॅकल’ नावाची वसाहत उभारली. तेथे शेकडो कुटुंबे एकत्र शेती करीत, सरकारकडे काही मागत नसत. सरकारला तेच सहन झाले नाही. पोलिसांचे छापे पडत राहिले आणि १९५४ मध्ये वसाहत उद्ध्वस्त झाली. तेथून बाहेर पडलेले लोक किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत शिरले व त्यांच्याबरोबर पंथही शिरला.

या पंथाच्या विधीत जे रोपटे पवित्र मानले जाते त्याचे नाव जमैकात आजही ‘गांजा’ असेच आहे. तो शब्द आपल्याकडचा. १८४५ पासून सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजूर, बहुतेक बिहार व संयुक्त प्रांतातले, जमैकाच्या मळ्यांवर नेण्यात आले. त्यांच्या गाठोड्यातून हे रोप आणि चिलीम तेथे गेली. वसाहतीच्या सरकारने १९१३ मध्ये गांजावर बंदी घातली. ज्या कायद्याने पुढे रास्ताफारींच्या पिढ्या तुरुंगात गेल्या, तो मळ्यावरच्या मजुरांना वचकात ठेवण्याच्या काळातला आहे हे विसरून चालणार नाही.

मार्लेचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या खेड्यात झाला. आई काळी शेतकरीण, बाप गोरा व वयाने बराच मोठा. बापाचा सहवास त्याला जवळजवळ लाभलाच नाही. पन्नाशीच्या दशकाअखेरीस मायलेक किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आले. तेथे बनी लिव्हिंग्स्टन व पीटर टॉश यांच्यासह त्याने ‘वेलर्स’ हा गायकवृंद उभा केला. त्यांची गाणी बेटभर वाजत. गाणाऱ्यांच्या हाती मात्र आठवड्याची किरकोळ मजुरी पडे. ध्वनिमुद्रण हा त्या काळी किंग्स्टनमधील लहान कारखानदारीचाच एक प्रकार होता आणि तीत मालक-मजूर हे नाते मळ्यापेक्षा फारसे निराळे नव्हते. १९६६ मध्ये मार्ले काही महिने अमेरिकेत डेलावेअर राज्यात मजुरीला गेला. नेमक्या त्याच वर्षी, २१ एप्रिलला, हायले सेलासी जमैकात आले. विमानतळावर लोटलेला जनसागर पाहून सम्राट काही वेळ विमानातून उतरेनात. पत्नी रीटाने त्या दिवशीचा अनुभव मार्लेला कळविला आणि परतल्यावर तो हळूहळू पंथाकडे वळला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याने मृत्युपत्र केले नाही तो माणूस व्यवहारात भाबडा नव्हता. १९७२ मध्ये लंडनच्या आयलंड कंपनीचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी वेलर्सना चार हजार पौंड आगाऊ दिले. पैसे घेऊन हे लोक पळतील असे लंडनमधील जाणत्यांनी त्यांना बजावले होते. ध्वनिमुद्रिका ठरल्याप्रमाणे तयार झाली. १९७४ सालच्या ‘नो वूमन, नो क्राय’ या गाण्याचा लेखक म्हणून व्हिन्सेंट फोर्ड या ट्रेंचटाउनमधील मित्राचे नाव आहे. मार्लेच्या पडत्या काळात फोर्डच्या चुलीवर त्याचे जेवण शिजत असे. नाव लावण्याचे कारण मैत्री की जुन्या प्रकाशकाच्या कराराला बगल देणे, यावर पुढे न्यायालयात वाद झाला. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. जर्मन बनावटीची बीएमडब्ल्यू गाडी बाळगणाऱ्या या जटाधारी भक्ताला पैशाची शक्ती पुरती कळत होती. त्याचा नकार पैशाला नव्हता. माणसाच्या आयुष्याचा अखेरचा हिशेब बाबिलोनच्या कचेरीत मांडण्याला होता.

राजकारणाने त्याला मोकळे सोडले नाही. १९७२ च्या निवडणुकीत मायकल मॅन्ली यांनी सम्राटाने दिलेली काठी मिरवून व रेगे गायकांना सोबत घेऊन विजय मिळविला. १९७४ मध्ये त्यांनी बॉक्साइटवर नवा कर बसविला व परदेशी ॲल्युमिनियम कंपन्यांकडून मिळणारे उत्पन्न अनेक पटींनी वाढविले. कंपन्यांनी आपले उत्पादन अन्य देशांकडे वळविण्यास सुरुवात केली. तेलाचे भाव चढलेले, भांडवल बाहेर जाऊ लागलेले, आणि किंग्स्टनच्या वस्त्या दोन पक्षांच्या बंदूकधाऱ्यांनी वाटून घेतलेल्या. ३ डिसेंबर १९७६ रोजी मार्लेच्या घरात शिरून हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. तो व रीटा जखमी झाले. तरी दोनच दिवसांनी तो ठरलेल्या मैफलीत गायला, आणि मग देश सोडून लंडनला गेला.

२२ एप्रिल १९७८ च्या शांतता मैफलीत त्याने मॅन्ली व विरोधी पक्षनेते एडवर्ड सिआगा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या हातात धरले. ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुढच्याच महिन्यात, मे १९७८ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या कराराने चलनाचे टप्प्याटप्प्याने अवमूल्यन व वेतनवाढीवर मर्यादा या अटी जमैकावर आल्या, ही गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. मंचावर हात जुळले, पण वस्तीतील माणसाच्या हातातील पैशाची किंमत उतरत राहिली. मैफलीसाठी झटलेले दोन्ही टोळीनायक दोन वर्षांत गोळ्यांना बळी पडले आणि १९८० च्या निवडणूक-वर्षात शेकडो माणसे मारली गेली. गाण्याने हे थांबले नाही म्हणून गाण्याला दोष देणे अन्यायाचे होईल. नाणेनिधीच्या अटींपुढे निवडून आलेले सरकारही हतबल होते.

मात्र श्रद्धेची जी किंमत पडली तीही झाकू नये. ज्या सम्राटाला रास्ताफारी देव मानीत त्याच्या राज्यात १९७३ च्या वोलो प्रांतातील दुष्काळात हजारो माणसे अन्नावाचून मेली व दरबाराने ती बातमी दडपली. पुढच्या वर्षी सैन्याने त्याला पदच्युत केले, १९७५ मध्ये तो कैदेत मरण पावला. मार्लेने लगोलग गाणे काढून ती वार्ताच नाकारली. मार्कस गार्वी यांना हा पंथ आपला द्रष्टा मानतो. परंतु इटलीच्या आक्रमणानंतर सम्राटाने देश सोडला तेव्हा गार्वींनी त्याच्यावर कडक टीका केली होती. तीही भक्तांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. १९७७ मध्ये मार्लेच्या पायाच्या अंगठ्यात कर्करोग आढळला, तेव्हा अंगठा कापण्याचा सल्ला त्याने मानला नाही. देह अखंड राहावा ही पंथाची शिकवण त्यामागे होती असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. शोषितांचा धर्म आहे एवढ्यावरून त्याची प्रत्येक आज्ञा हितकर ठरत नाही. त्याच मार्लेने नोव्हेंबर १९८० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे शेवटी तो सम्राटाच्या देवत्वाकडून सम्राट स्वतः ज्या धर्माचा अनुयायी होता त्या धर्माकडे गेला.

त्याच्या मृत्यूनंतर शासनाने राजकीय इतमामाने अंत्यसंस्कार केले. त्या वेळी पंतप्रधान सिआगा होते. साठीच्या दशकात मंत्री असताना याच सिआगांच्या पुढाकाराने ‘बॅक-ओ-वॉल’ ही रास्ताफारींचे वास्तव्य असलेली वस्ती जमीनदोस्त झाली होती. १९८४ मध्ये निघालेल्या ‘लेजंड’ या संग्रहात राजकीय धार असलेली बरीच गाणी गाळून गोड गाणी निवडण्यात आली. त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. बाबिलोनने मार्लेला स्वीकारले ते असे निवडून, वेचून. इकडे वारशाच्या भांडणात त्याच्या नावाने मागील तारखांच्या सह्या केल्याचे उघड झाले आणि रीटाला मालमत्तेच्या व्यवस्थापनातून दूर व्हावे लागले.

पंथाच्या सामान्य अनुयायांचा हिशेब निराळ्या गतीने चालला. १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथे जमिनीच्या वादातून उसळलेल्या हिंसाचारानंतर पोलिसांनी रास्ताफारींची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण केली, जटा कापल्या. त्याबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली २०१७ मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. पीडितांसाठी एक कोटी जमैकन डॉलरांचा निधी जाहीर झाला. २०१५ च्या कायद्याने धार्मिक विधीसाठी गांजा वापरण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्याने परवानाधारक व्यापारही खुला झाला, आणि परवान्याचे शुल्क व अटी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत अशी तक्रार डोंगरातील लहान शेतकरी तेव्हापासून करीत आहेत.

२०१८ साली एका सरकारी प्राथमिक शाळेने पाच वर्षांच्या मुलीला जटा कापून येण्यास सांगितले. कारण दिले स्वच्छतेचे. पालक न्यायालयात गेले, २०२० मध्ये हरले. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने मुलीच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले, तेव्हा ती साधारण अकरा वर्षांची झाली होती.