कुत्र्याच्या बर्थडेला केक: लाड की अतिरेक?

केक, महागडी बिस्किटं, डॉग आइस्क्रीम... रील्समधला हा थाट पाहून 'जरा अतीच होतंय' असं तुम्हालाही वाटलं असेल. पण खर्चापेक्षा काळजीची गोष्ट आहे कॅलरी.

दिवसभरातल्या कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा, असं पशुवैद्यक सांगतात. का? अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणं मिळालेले कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली.

चॉकलेट आणि मनुका तर कुत्र्यांसाठी विषारीच.

थोडक्यात, खाऊ महाग असो वा स्वस्त, न मोजता दिला की अतिरेक. केक जरूर कापा, फक्त त्या दिवशीचं जेवण तेवढं कमी करा.