बघे नकोत, हात हवेत

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. तत्काळ छातीवर दाब देण्यास आरंभ झाला, विजेचा झटका देणारे यंत्र जागीच वापरण्यात आले, आणि तो मृत्यूच्या दारातून परतला. २०२२ मध्ये तो विश्वचषक स्पर्धेतही खेळला! यात दैवाचा भाग असेल. परंतु पूर्वतयारीचा भाग त्याहून मोठा होता, असे आम्हांस वाटते.

आपल्या शहरात रेल्वेच्या फलाटावर वा नाट्यगृहात कोणी असा कोसळला तर काय घडते? भोवती बघ्यांचे कडे पडते. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवितो, कोणी रिक्षा शोधू लागतो. हेतू वाईट नसतो. पण यांपैकी कशानेही थांबलेले हृदय चालू होत नाही.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अकस्मात बंद पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. दुसऱ्यात बहुधा हृदयाची विद्युत्‌लय बिघडते. ते नुसते थरथरते, मेंदूस रक्त पोहोचत नाही व मनुष्य क्षणार्धात बेशुद्ध पडतो. त्यास येणारे आचके हा श्वास आहे असे समजून लोक फसतात. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी शहरातील वाहनांच्या गर्दीतून ती या हिशेबात बसणे कठीण. म्हणून अशा रोग्याचा पहिला वैद्य म्हणजे त्याच्या शेजारी उभा असलेला मनुष्य!

त्याचे काम अवघड नाही. एकाने १०८ क्रमांकावर कळवावे, दुसऱ्याने यंत्र आणण्यास धावावे. तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी, मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. यंत्र येताच त्याच्या चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावाव्या. पुढील सूचना यंत्रच बोलून देते. ते हृदयाची लय स्वतः तपासते आणि आवश्यक असेल तरच झटका देते. तेव्हा अजाण माणसाच्या हातून अनर्थ होईल, ही भीती अनाठायी आहे.

डेन्मार्कने शाळांत आणि वाहन-परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे केले. तेथे उपस्थितांकडून छातीवर दाब दिला जाण्याचे प्रमाण २००१ मध्ये २१ टक्के होते. २०१० मध्ये ते ४५ टक्क्यांच्या घरात गेले. त्याच काळात महिन्यानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर आले. हे यश केवळ यंत्रांचे नव्हे, शिक्षणाचेही आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. स्थानके, नाट्यगृहे, क्रीडांगणे येथे ही यंत्रे दर्शनी जागी असावीत. व्यवस्थापकाच्या कुलुपबंद कपाटातील यंत्र नसल्यासारखेच. प्रत्येक शाळेत नववीच्या विद्यार्थ्यास हे शिक्षण मिळावे. प्रमेये पाठ करणाऱ्या मुलास हे कठीण नाही. आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदतकर्त्यास दिलेले संरक्षण अपघातापुरते न ठेवता अशा प्रसंगीही लागू करावे.

सरकार व महापालिका आपले कर्तव्य करतील तेव्हा करोत. नागरिकांनी मात्र त्यांची वाट पाहू नये. उद्या कोसळणारा मनुष्य परकाच असेल, असे कोणी सांगावे?