आईकडून आलेले पट्टे

आमची पुतणी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. तिकडे झाडांच्या सावलीत हॉस्टा नावाची वनस्पती लावण्याची लोकांना मोठी हौस. ही मूळची जपान, चीन, कोरियाकडची; शोभा सारी पानांची. हिवाळ्यात जमिनीवरचा भाग पार नाहीसा होतो आणि वसंतात कोंब पुन्हा वर येतात. ती थंडी तिला लागतेच, त्यामुळे इंदुरास ती नांदायची नाही. आम्ही ती पाहिली फोनवरच्या छायाचित्रांतच.

पुतणीला चार वर्षांपूर्वी ध्यास लागला पट्टेदार रोपांचा. पानभर हिरव्या-पांढऱ्या रेघा, एक पान दुसऱ्यासारखे नाही, असे रोप तिला बियांपासून हवे होते. प्रथम तिने पांढऱ्या काठाच्या एका देखण्या हॉस्टाच्या बिया पेरल्या. उगवली ती सारी हिरवीगार. काठ आणि मधला भाग निरनिराळ्या पेशीथरांतून वाढतात, आणि बीजांड घडते ते मधल्या भागाच्या थरातून. साडीचा काठ लेकीकडे आला नाही, तो असा.

मग तिने पट्टेदार झाडच मिळवले. येथे आई पट्टेदार असावी लागते. बाप कोणताही चालतो. पानांचा हिरवेपणा ज्या हरितलवकांत असतो, ती बहुतेक वनस्पतींत बीजांडातून पुढे जातात, परागातून नाही. हे प्रथम दिसून आले ते आपल्या परिचयाच्या गुलबक्षीत. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी 1909 साली पांढऱ्या डागांच्या पानांच्या गुलबक्षीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवी रोपे, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी, आणि मिश्र फांदीवरच्या बियांतून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीचा, याने काही फरक पडला नाही. (पाकळ्यांवरच्या रंगीत रेघांची कथा वेगळी, ती पुन्हा केव्हातरी.)

हॉस्टाचे फूल एकच दिवसाचे. पुतणी पहाटे उठून, मधमाश्या येण्याआधी, पुंकेसर काढून टाकी आणि दुसऱ्या झाडाचा पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावी. शेंगा धरल्या. त्यांतल्या काहींवर हिरव्या-पांढऱ्या रेघा होत्या. जाणकार अशाच शेंगांवर भिस्त ठेवतात. शेंगा पिकून वाळल्यावर आतून पंख असलेल्या, काळ्या, चपट्या बिया निघाल्या. घरात दिव्याखाली पेरल्या, तेव्हा बेचाळीस रोपे उगवली. सहा पट्टेदार, नऊ पांढरीशुभ्र, उरलेली हिरवी.

त्या नऊ रोपांनी तिला फार छळले. इतकी सुंदर, मेणाची केल्यासारखी. पण हरितद्रव्यच नाही, तेव्हा बियांतली शिदोरी संपली की कारभार आटोपला. हे तिला ठाऊक होते. तरी तिने तो ट्रे दिव्याच्या अधिक जवळ नेला, पातळ केलेले खत घातले. "काका, काही उपाय नसेल का हो?" तिने विचारले. आम्ही तीस वर्षांच्या मास्तरकीस जागून तिला सगळे शास्त्र पहिल्यापासून समजावले. ज्या घरात चूलच नाही तेथे शिधा भरून काय उपयोग, असा दृष्टांतही दिला. ती निमूट ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, "तिला हे माहीत नव्हतं का?" तीन आठवड्यांत नऊही गेली.

हिरवी रोपे पैदासकार सहसा खताच्या ढिगावर टाकतात. तिने ती शेजाऱ्यांना वाटली. पट्टेदारांचाही भरवसा नसतो. हिरव्या आणि पांढऱ्या पेशी वाढता वाढता वेगळ्या होतात. एखादे रोप निव्वळ हिरवे होऊन बसते, एखादे काठापुरती रेघ राखते. म्हणून गड्डा विभागून रेघांचा कोंब तेवढा जपावा लागतो. सहांपैकी तीन अद्याप पट्टेदार आहेत, आणि यंदा त्यांना प्रथमच फुलांचे दांडे आले.

परवा साडेचारच्या सुमारास आमच्या परसात गुलबक्षी उमलू लागली होती. आम्ही सहज तिला फोन लावला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते.

"काका, नंतर बोलते," ती घाईत म्हणाली, "मधमाश्या येतील."