झऱ्याचे पाणी मागून येणाऱ्याचेही आहे

खातेगांवाहून नेमावरला नर्मदेपर्यंत पायी जाणे शरीरास हितकारक आहे. परंतु वाटेत झरा लागला की घामेजलेली तरुण मंडळी थेट त्यात उड्या टाकतात. आमचे स्पष्ट मत असे की, पिण्याच्या झऱ्यात कोणीही उतरू नये.

नारूचा रोग आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की फोडातून नारूची पिल्ले पाण्यात सुटत. बारीक जलकीटक ती खात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने नारू निघे. पाण्यात न उतरणे, कापडाने पाणी गाळणे, हातपंप बसवणे अशा उपायांनी तो हटला. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण आढळला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. हगवण, कावीळ व विषमज्वर मात्र अजून आहेत.

म्हणून आधी पिण्याचे पाणी भरून घ्यावे. स्नान प्रवाहाच्या खालच्या अंगाला, घाम निवल्यावर करावे. गुरे त्याहून खाली धुवावीत.

वाटचालीने थकलेल्या प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीपाशी पाणी मागितले. आपल्या मागून येणाऱ्या तहानलेल्यालाही ते निर्मळ मिळावे, हीच शेजारप्रीती.