आशाताईंचे प्रशिक्षण : मोबाइलच्या आधीचा इतिहास

१/ गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांना मोबाइलवरून शिकवावे, म्हणजे प्रवास, निवास आणि प्रशिक्षक यांचा खर्च वाचेल, असा विचार आज सर्वत्र मांडला जातो. त्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या विचाराला एक अट घालतो. ती अट कोणती, यासाठी हा थ्रेड.

२/ आरंभ जामखेडपासून. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. त्यांचे शिक्षण एका शिबिरात आटोपले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, अडलेले विचारीत आणि नवे काही शिकून परतत.

३/ दूरशिक्षणाचा मोठा प्रयोगही याच दशकातला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रकल्पाने एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे तिचे विषय होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता.

४/ ‘साइट’मधून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण मिळाले. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. दूरचित्रवाणीच्या धड्याला रेडिओ आणि छापील साहित्याची जोड होती आणि केंद्रावर प्रयोग व चर्चा घडवून आणणारा मार्गदर्शक होता. उपग्रह हाताशी असूनही आयोजकांनी समोरच्या माणसाला रजा दिली नव्हती.

५/ आता गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार केले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या स्त्रीलाही बाळाचा श्वास वेगाने चालला आहे, हे त्यावरून कळे.

६/ पुढे याच संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. या यशामागे दर पंधरवड्याला गावात येऊन काम तपासणारे पर्यवेक्षक होते, हे फारसे सांगितले जात नाही.

७/ २००५ पासून आशा आल्या आणि २०११ पासून नवजात बाळाच्या गृहभेटी देशभर त्यांच्याकडे सोपवल्या गेल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. वजन घेणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे. ही सारी हाताची आणि नजरेची कामे आहेत.

८/ एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या संकटात ‘दीक्षा’ मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झाले. एकत्र जमणेच धोक्याचे असताना तो योग्य निर्णय होता. पडद्याचे गुणही खरे आहेत : धडा पुन्हा पाहता येतो, सर्वांना एकच माहिती मिळते, लहान मूल घरी ठेवून तालुक्याला जावे लागत नाही.

९/ परंतु मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, हे उत्तर चाचणीत बरोबर देणे वेगळे. अंधाऱ्या खोलीत, दुपट्यात गुंडाळलेल्या, रडणाऱ्या बाळाचे अनियमित श्वास अचूक मोजणे वेगळे. दुसऱ्या कामात झालेली चूक मोबाइलच्या चित्रफितीला दिसत नाही. ती शेजारी बसलेल्या अनुभवी बाईला दिसते.

१०/ केनियाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. २००५ मध्ये तेथे ‘अ‍ॅमरेफ’ आणि परिचर्या परिषद यांनी वीस हजारांहून अधिक परिचारिकांना नोकरी न सोडता वरच्या श्रेणीची पात्रता मिळावी म्हणून संगणकावरचा अभ्यासक्रम आखला. सोबत रुग्णालयातील प्रात्यक्षिके होती आणि शेवटी मान्यताप्राप्त श्रेणी होती. आशाताईंच्या ऑनलाइन धड्यांच्या शेवटी काय आहे?

११/ म्हणून माझे मत असे : मोबाइलवरील धड्यांमुळे वाचलेला पैसा गटप्रवर्तकांच्या गावभेटींवर खर्च व्हावा. अभ्यासाचे तास कामाचे तास धरून त्यांचा मोबदला द्यावा. फोन आणि डेटाचा भार आशाताईंवर टाकू नये. किती जणींनी धडा ‘पूर्ण’ केला, याबरोबर किती जणींचे काम कोणी शेजारी बसून पाहिले, याचीही नोंद व्हावी.

१२/ अन्यथा कार्यालयातील तक्ता पूर्ण भरलेला दिसेल आणि गावातील बाळाचा श्वास चुकीचा मोजला जाईल. इतिहासाने घातलेली अट एवढीच आहे. अशी कोणतीही नवी योजना जाहीर झाली की आपण एक प्रश्न विचारावा : धडा संपल्यावर तिच्या गावात कोण येणार, आणि किती दिवसांनी?