गाडीतला जुना स्टिरिओ आणि सासूबाईंचं भक्तामर



मागच्या वेळी लोणच्याच्या मर्यादेवर लिहिलं होतं, यावेळी चक्क गाडीच्या स्टिरिओवर लिहिते आहे. हसू नका. आमच्या घरात या विषयावर दोन महिने वाद चालला होता आणि त्यात माझं एक ठाम मत झालं आहे.

आमची गाडी २००८ सालची. कंपनीकडूनच बसवून आलेला स्टिरिओ, त्यात रेडिओ आणि सीडी. फोनची वायर खुपसायला जागा नाही, ब्लूटूथ तर नाहीच. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते सासूबाईंचं डायलिसिस सुरू झाल्यावर. साखरेनं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी जयसिंगपूरहून मिरजेला जायचं आणि तिथे चार तास पडून राहायचं.

आईंचा चाळीस वर्षांचा नियम आहे, भक्तामर झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. दिसत होतं तोवर पोथी समोर असायची. आता दिसत नाही, आणि अठ्ठेचाळीस काव्यं पाठ असली तरी मध्येच एखादं निसटतं. निसटलं की त्या कासावीस होतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. डायलिसिसच्या दिवशी एवढा वेळ कुठून आणायचा? म्हणून वाटेतच पाठ करायचा असं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, भक्तामरच्या सीड्या पन्नास मिळतात. मिळतात, आम्ही लावून पाहिल्या. कुठे तबला, कुठे बासरी, कुठे गाणाऱ्याची हरकत संपेपर्यंत आईंचा पुढचा चरण म्हणून झालेला. त्यांची लय आहे मामंजींची. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली. ते जाण्याआधीच्या दशलक्षण पर्वात माझ्या मुलानं त्यांचा पूर्ण पाठ फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. मध्ये एकदा खोकला आहे, एकदा कुकरची शिट्टी आहे. पण संथ, शब्द सुटा सुटा. त्या आवाजाबरोबर आई एकही काव्य चुकत नाहीत.

तर प्रश्न एवढाच होता की फोनमधला हा आवाज गाडीच्या स्पीकरमधून कसा काढायचा. फोन नुसता मांडीवर ठेवून पाहिला. इंजिन आणि ट्रकच्या आवाजात आईंना ऐकू येईना. मुलानं सीडी भरून दिली, ती चार दिवस चालली. मग आमच्या रस्त्यांच्या कृपेनं आणि जुन्या लेन्सच्या कृपेनं नेमकी विसाव्या काव्याच्या पुढेमागे अडखळायला लागली.

मग आलं सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं एफएम ट्रान्समीटर. ते फोनचा आवाज रेडिओच्या एका फ्रीक्वेन्सीवर सोडतं आणि आपला रेडिओ तो पकडतो. काहीही उघडावं लागत नाही, स्वस्तही आहे. पण ८८ ते १०८ च्या पट्ट्यात मोकळी जागा मिळाली तरच त्याचा उपयोग. गावात मोकळी असलेली जागा पुढच्या गावात मोकळी असेलच असं नाही. बेळगावला नणंदेकडे जाताना निपाणीच्या पुढे मामंजींच्या आवाजावर एक कन्नड सिनेमागीत चढलं. आईंनी हात जोडले होते ते तसेच राहिले. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

इथे घरातल्या पुरुषमंडळींनी निकाल दिला: स्टिरिओच बदला. दुकानात गेलो तर दुकानदार सरळ यांच्याशी बोलायला लागला, जणू मी पिशवी धरायला आले होते. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, नकाशा, व्हिडिओ, सगळं मिळून चौदा हजार. मी विचारलं, "याच स्टिरिओला फोनची वायर जोडता येणार नाही का?" तो म्हणाला, "वहिनी, जुन्याला आता कोण हात लावतंय?"

माझं मत तिथेच पक्कं झालं. चालू वस्तू काढून टाकायची, ती भंगारात जाणार, तिच्या जागी दहा गोष्टी करणारी वस्तू आणायची, आणि त्यातली आपल्याला हवी फक्त एक. आपण परिग्रहपरिमाण म्हटलं की जमीन, सोनं, कपडे मोजतो. तत्त्वार्थसूत्रानं तर परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा अशी केली आहे, म्हणजे आसक्ती. चौदा हजार आम्हाला जड होते असं नाही. पण बिघडलं नसताना बदलायचं, केवळ शेजाऱ्याच्या गाडीत आहे म्हणून, याला दुसरं काय म्हणायचं? आणि निष्कारण भंगार वाढवणं हे मला अनर्थदंडाच्याच घरातलं वाटतं. आम्ही पाणी गाळून घेतो, दिवा लागायच्या आत जेवतो, आणि बॅटऱ्या, सर्किटं, प्लास्टिक मात्र डोळे मिटून कचऱ्यात टाकतो.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकतात. आपण गाडीत बसणारी माणसं, ती ईर्यासमिती आपल्याला पेलणारी नाही. पण निदान नजर रस्त्यावर असावी की नाही? पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर कुत्री असतात, बेडूक असतात, उसाच्या फडातून निघालेले साप असतात. जुन्या स्टिरिओचं बटण हाताला न बघता सापडतं, पडद्यावरचं चित्र बघितल्याशिवाय दाबता येत नाही. यांना हे पटलं. मुलाला अजून पटलेलं नाही.

शेवटी मिरजेतले एक वयस्कर वायरमन मिळाले. त्यांनी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या दारात अशा गाड्या उभ्या आहेत.

त्यांनी आधी मलाच कामाला लावलं. म्हणाले, "ताई, गाडीत आधीच कुठे भोक आहे का बघितलं?" बऱ्याच गाड्यांत ऑक्सचं भोक पुढच्या कप्प्यात, राखेच्या डबीमागे किंवा दोन सीटांच्या मधल्या खणात असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. 'मोड' किंवा 'सोर्स'चं बटण दाबत जायचं, एफएम, एएम, सीडी यांच्यानंतर ऑक्स असं अक्षर दिसतं का बघायचं. आमच्यात नव्हतं. पुढे ते म्हणाले की कॅसेटवाला सेट असता तर काम सोपं होतं. कॅसेटच्या आकाराची एक खोटी कॅसेट मिळते, तिला वायर असते. ती आत सरकवली की तिच्यातलं छोटं चुंबक सेटच्या हेडला आवाज देतं, सेटला वाटतं टेपच चालली आहे.

आमच्यासाठी त्यांनी सेट बाहेर काढून मागची बाजू पाहिली. त्या काळात महागड्या गाड्यांत डिकीमध्ये सहा सीड्यांचा चेंजर बसवत, आणि त्याची वायर घुसवायची जागा आमच्या सेटच्या पाठीलाही होती, रिकामी. तिथे बसणारा एक छोटा अडॅप्टर मिळतो. तो सेटला सांगतो की चेंजर जोडला आहे, आणि मग त्या वाटेनं फोनचा आवाज आत येतो. एकही वायर कापावी लागली नाही, सगळी जोडणी कपलरला कपलर. हे मुद्दाम विचारून घ्या. "कापून जोडतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा. आणि एअरबॅगच्या वायरींशी, बहुतेक त्या पिवळ्या वेष्टणात असतात, कुणीही खेळता कामा नये.

काम सुरू करण्याआधी त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ते योग्यच. पण परत जोडल्यावर सेटनं कोड मागितला! चोरीला गेलेला सेट दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून काही कंपनी-सेटना असं कुलूप असतं, आणि चुकीचा आकडा पुन्हापुन्हा घातला तर सेट अडून बसतो. कोडचं कार्ड कुठे? घरी फोन, कपाट, कागदपत्रांची फाईल, यांची चिडचिड. शेवटी ते गाडीच्या पुस्तकाच्या प्लास्टिक कव्हरमध्ये सापडलं, पेट्रोलच्या तीन जुन्या पावत्यांच्या मध्ये. म्हणून सांगते, काम द्यायच्या आधी कार्ड हुडका.

एक वायर पुढच्या कप्प्यात आली, टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन. माझ्या नव्या फोनला तसलं भोकच नाही. २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं आणि मग इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. मला त्यासाठी वेगळी छोटी पिन घ्यायचा मोह झाला, पण मुलाचा जुना फोन खणात पडून होता, त्याला भोक आहे. आता तो गाडीतच असतो. त्यात सिम नाही, फक्त मामंजी आहेत.

सगळं मिळून दीड हजाराच्या आत झालं. पहिल्या दिवशी मात्र आवाजामागे एक बारीक कुईंऽऽ ऐकू यायला लागलं. गाडी पळेल तसं ते चढायचं, थांबली की उतरायचं. वायरमनना फोन केला तर म्हणाले, "फोन गाडीतच चार्जिंगला लावलाय का?" लावला होता. चार्जरची अर्थिंग आणि स्टिरिओची अर्थिंग अशा दोन वाटा झाल्या की इंजिनचा आवाज त्यातून शिरतो. त्यावर मध्ये जोडायची एक डबी मिळते. मी घेतली नाही. फोन रात्री घरी चार्ज करते, कुईं गेलं. फोनचा आवाज पाऊणपट ठेवायचा आणि बाकी स्टिरिओवर वाढवायचा, नाहीतर फाटतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मंदिरात एका काकूंनी मला ऐकवलं की गाडीत, पायात चप्पल असताना स्तोत्र लावणं म्हणजे आशातना. मी त्यांचं बोलणं सरसकट उडवून लावत नाही. भाजी घ्यायला जाताना मागे स्तोत्र लावायचं आणि वरून फोनवर गप्पा मारायच्या, हे मलाही खटकतं. आम्ही तसं करत नाही. निघायच्या आधी वायर जोडायची, पाठ सुरू झाला की कुणी बोलायचं नाही, संपला की बंद. पण आजारी माणसाला अमुक अवस्थेतच स्मरण कर असं सांगायचा अधिकार मला नाही. पवित्र असो वा अपवित्र, कोणत्याही अवस्थेत णमोकार स्मरावा, हे आपण रोज पूजेच्या सुरुवातीलाच म्हणतो. काकूंना मी एवढंच म्हटलं, एकदा आमच्याबरोबर मिरजेला चला. त्या अजून आलेल्या नाहीत.

आई चप्पल काढून पाय वर घेऊन बसतात. मामंजी सुरू करतात, आई त्यांच्यामागून. खोकल्याच्या जागी त्या थांबतात, जसं त्यांच्या हयातीत थांबत असतील. कृष्णा आली की, अंकलीच्या पुलावर गाडीचा आवाज बदलतो तेव्हा, बहुतेक निम्मा पाठ झालेला असतो. मिरजेत शिरताना कधी दोन-तीन काव्यं उरतात, मग हे दवाखान्याच्या दाराशी गाडी बंद न करता थांबतात. एकदा मागच्यानं हॉर्न वाजवला. यांनी हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली आणि तोही थांबला.

स्टिरिओच्या कोडचं कार्ड आता मिठाच्या डब्यामागे चिकटवून ठेवलं आहे. घरात हरवायला तीच एक जागा नाही.

जय जिनेंद्र.